ऑफिसच्या नॅसचे लॉगिन पान इंटरनेटवर कशासाठी?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

सायबर फसवणुकीसंबंधी आपल्या दैनिकात जे छापून येते, त्यात ओटीपी, बनावट लिंक आणि 'डिजिटल अरेस्ट' यांना बरीच जागा मिळते, आणि ती मिळायलाच हवी. परंतु सनदी लेखापाल, वास्तुविशारद, पॅथॉलॉजी लॅब, वकिलांची कार्यालये आणि लग्नाचे छायाचित्रण करणारे स्टुडिओ यांचे वर्षानुवर्षांचे सगळे काम आज ज्या एका यंत्रात साठवलेले असते, त्याविषयी मराठीत फारसे काही लिहिले जात नाही. दोन किंवा चार हार्ड डिस्कचे हे यंत्र राउटरशेजारी ठेवलेले असते. विक्रेते त्याला नॅस म्हणतात आणि ऑफिसातली माणसे सरसकट 'सर्व्हर' म्हणतात. नाशिक परिसरातील अशा लहान कार्यालयांची संगणकव्यवस्था पाहणे हा माझा व्यवसाय आहे, आणि या यंत्राच्या फक्त दोन सेटिंगांविषयी मला लिहायचे आहे. त्याचे व्यवस्थापनाचे वेब पान कोठकोठून उघडते, हे पहिले. आणि एकदा लॉगिन केल्यावर ते किती वेळ उघडे राहते, हे दुसरे. हे दोन्ही निर्णय बहुतेक ठिकाणी यंत्र बसवायला आलेला तंत्रज्ञ पहिल्याच दिवशी, निघायच्या घाईत घेतो. ते मालकाने विचारपूर्वक घ्यावेत आणि वर्षातून एकदा तरी पुन्हा तपासावेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

नॅसला स्वतःचा पडदा किंवा कळफलक नसतो, त्यामुळे त्याची सगळी व्यवस्था ब्राउझरमधून पाहावी लागते. सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रांचे हे पान मुळात ५००० आणि ५००१ या पोर्टवर, म्हणजे यंत्राच्या क्रमांकित दारांवर, उघडते, तर क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांचे ८०८० आणि ४४३ वर. यांतील पहिला क्रमांक साध्या जोडणीचा आणि दुसरा सांकेतिक, म्हणजे एचटीटीपीएस जोडणीचा. ऑफिसच्या आतल्या संगणकांवरून हे पान दिसते, बाहेरून दिसत नाही, कारण बाहेरून आलेली मागणी राउटर आत सोडत नाही. ही मूळ अवस्था उत्तम आहे. ती बिघडते ती बाहेरून फाइल पाहण्याची गरज निर्माण झाली की. जुलैअखेरची विवरणपत्रे आणि सप्टेंबरअखेरचे लेखापरीक्षण अहवाल यांच्या दिवसांत लेखापालांच्या कार्यालयात रात्री घरून काम करावे लागते, स्टुडिओच्या एडिटरला गावाकडून फुटेज हवे असते, डॉक्टरांना घरी बसून जुना रिपोर्ट पाहायचा असतो. तंत्रज्ञाला फोन जातो, आणि तो सर्वांत सोपा मार्ग निवडतो: ब्रॉडबँड कंपनीकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घ्यायचा आणि राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे बाहेरची मागणी नॅसकडे नेणारी वाट उघडून, व्यवस्थापनाचे पान थेट इंटरनेटवर ठेवायचे. कित्येकदा तेवढेही करावे लागत नाही, कारण यूपीएनपी नावाची सोय चालू असेल तर नॅस आपणहून राउटरला वाट मोकळी करायला सांगतो आणि मालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा अशा वाटा घाईघाईने उघडल्या गेल्या. त्या वेळी दुसरा इलाजही अनेकांकडे नव्हता. माणसे ऑफिसात परतल्यावर मात्र त्या बंद करण्याची आठवण फार थोड्यांना झाली.

'आमचा पत्ता कोणाला माहीत असणार?' हा यावरचा नेहमीचा प्रश्न आहे, आणि तो विचारणारी माणसे अजिबात अडाणी नसतात. इंटरनेटवरचा शोध कसा चालतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते एवढेच. इंटरनेटच्या पत्त्यांच्या, म्हणजे आयपीच्या, चौथ्या आवृत्तीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी आहेत. हा आकडा मोठा वाटतो, परंतु मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले, आणि एका गिगाबिटच्या जोडणीवरून एका पोर्टसाठी हा संपूर्ण पसारा पाऊण तासाच्या आत धुंडाळता येतो, हे दाखवून दिले. शोडानसारखी शोधयंत्रे तर इंटरनेटला जोडलेली उपकरणे शोधून त्यांची सूचीच ठेवतात. कोणत्या कंपनीचा नॅस कोणत्या देशात, कोणत्या पत्त्यावर उत्तर देतो, हे तेथे पाहता येते. पोर्टचा क्रमांक ५००० ऐवजी ५४३२१ केल्याने धुंडाळणाऱ्याचे काम थोडे लांबते, थांबत नाही. आणखी एक गोष्ट तंत्रज्ञांच्याही सहसा लक्षात येत नाही. नॅसला स्वतःचे नाव देऊन त्यासाठी लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून एचटीटीपीएससाठी लागणारे विनामूल्य प्रमाणपत्र घेतले, की ते नाव प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवहीत चढते आणि ती नोंदवही कोणालाही वाचता येते. प्रमाणपत्र जरूर घ्यावे. पण आपले नाव गुप्त राहील, असे गृहीत धरू नये.

पासवर्ड चांगला असला म्हणजे पान उघडे ठेवायला हरकत नाही, असे मानणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांतील घटना पाहाव्यात. ऑगस्ट २०१४ मध्ये सिनोलॉकर नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने सिनॉलॉजीच्या यंत्रांवरील फाइली कुलूपबंद करून ०.६ बिटकॉइनची मागणी केली. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती कंपनीने डिसेंबर २०१३ मध्येच दिलेली होती. जुनी आवृत्ती तशीच चालवणारे आणि पान इंटरनेटवर ठेवणारे त्यात सापडले. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकरने क्यूनॅपच्या यंत्रांवरील फाइली सेव्हन-झिप या साध्या, सर्वपरिचित साधनाने पासवर्ड घालून गुंडाळल्या. आत शिरण्यासाठी बॅकअपच्या एका ॲपच्या प्रोग्राममध्येच लिहून ठेवलेली लॉगिनची कायमची ओळखचिन्हे वापरली गेली होती, म्हणजे मालकाचा पासवर्ड किती कठीण आहे याला काहीच अर्थ उरला नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट आला. त्याने लॉगिनच्या पानाच्या जागीच खंडणीची चिठ्ठी लावली आणि ०.०३ बिटकॉइन मागितले. त्याच महिन्यात क्यूनॅपने आपल्या ग्राहकांना राउटरवरील पोर्ट फॉरवर्डिंग आणि नॅसवरील यूपीएनपी बंद करण्याचे जाहीर आवाहन केले. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी बिटकॉइनचे व्यवहार पुरे होण्याआधी मागे घेण्याची युक्ती करून या टोळीकडून कुलूपबंद फाइली उघडण्याच्या १५५ किल्ल्या मिळवल्या, ही त्यातली एक समाधानाची बाब.

यांपैकी कोणत्याही प्रकरणापेक्षा मला जून २०२१ मधील माय बुक लाइव्हची घटना अधिक बोलकी वाटते. वेस्टर्न डिजिटलच्या या घरगुती साठवणयंत्रांना कंपनीकडून सुधारित आवृत्ती मिळणे २०१५ पासूनच थांबले होते, तरी जगभर ती वापरात होती. एके दिवशी अनेकांची यंत्रे आपोआप कारखान्यातून निघाल्यासारखी कोरी झाली. तपासात आढळले, की यंत्र मूळ स्थितीला नेण्याच्या आज्ञेपूर्वी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी प्रोग्राममध्ये लिहिलेल्या होत्या, पण त्या निष्क्रिय करून ठेवलेल्या होत्या. म्हणजे इंटरनेटवरून त्या पानापर्यंत पोहोचणाऱ्या कोणालाही पासवर्ड न देता सारे पुसून टाकता येत होते. मालकाच्या बाजूने यात करण्यासारखी एकच गोष्ट होती: ते पान बाहेरून पोहोचण्याजोगे ठेवायचे नाही. पासवर्डची चौकशी करणारा प्रोग्राम स्वतःच सदोष असू शकतो, म्हणून त्याच्यापर्यंत कोण पोहोचू शकते हा प्रश्न पासवर्डच्याही आधीचा आहे.

मग घरून काम कसे करायचे? व्हीपीएन हे त्याचे सरळ उत्तर आहे. वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन आज अनेक मध्यम किमतीच्या राउटरांत मिळते. कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपने आधी सांकेतिक वाटेने ऑफिसच्या जाळ्यात यायचे आणि मग नॅस पाहायचा, अशी रचना एका दुपारी उभी राहते. स्टॅटिक आयपी नसलेल्या जोडणीवर टेलस्केलसारखी व्हीपीएन सेवा चालते. कंपन्यांच्या स्वतःच्या मध्यस्थ सेवाही आहेत. त्यांत राउटरमधील वाट उघडावी लागत नाही हा मोठा फायदा आहे, परंतु त्या सेवेवरील आपले नाव ज्याला ठाऊक आहे त्याला लॉगिनचे पान दिसतेच, तेव्हा ॲडमिन खात्याला तरी तो मार्ग बंद ठेवावा आणि दुहेरी पडताळणी सक्तीची करावी. त्याखेरीज नॅसच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणाला आत सोडायचे हे ठरवणाऱ्या सोयीत, व्यवस्थापनाचे पान केवळ ऑफिसच्या आतील पत्त्यांना आणि व्हीपीएनच्या पत्त्यांना दिसेल, असा नियम करावा. हा नियम करताना आपणच बाहेर पडणार नाही ना, हे पाहण्यासाठी नियमाची चाचणी नॅसशेजारी बसून घ्यावी, फोनवरून किंवा दुसऱ्या गावाहून नव्हे.

आता दुसऱ्या सेटिंगाकडे येतो. त्याकडे पहिल्यापेक्षाही कमी लक्ष दिले जाते, कारण त्याचा त्रास रोज होतो आणि धोका क्वचित दिसतो. वेबची मूळ भाषा, म्हणजे एचटीटीपी, विसराळू आहे. ब्राउझरने आधी काय मागितले होते, हे तिला आठवत नाही. म्हणून लॉगिन झाल्यावर नॅस ब्राउझरला एक लांबलचक यादृच्छिक खूण देतो, ब्राउझर ती कुकी नावाच्या छोट्या नोंदीत ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर परत दाखवतो. यालाच सेशन म्हणतात. पासवर्ड आणि मोबाइलवरचा सहा आकडी कोड यांची तपासणी फक्त सुरुवातीला होते. त्यानंतर ती खूण ज्याच्या हातात असेल तो ॲडमिन ठरतो. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचे फायरफॉक्सचे विस्तारसाधन प्रसिद्ध करून खुल्या वायफायवर शेजारच्या माणसाची ही खूण किती सहज उचलता येते, ते जगाला दाखवले. त्यानंतर मोठ्या संकेतस्थळांनी हळूहळू संपूर्ण वापर एचटीटीपीएसवर नेला. पण कित्येक कार्यालयांतील नॅस आजही साध्या जोडणीवर उघडला जातो, कारण एचटीटीपीएसवर गेले की ब्राउझर 'ही जोडणी खासगी नाही' असा लाल इशारा देतो आणि माणसे बिचकतात. हा इशारा नॅसने स्वतःच स्वतःला दिलेल्या प्रमाणपत्रामुळे येतो. योग्य प्रमाणपत्र बसवून साध्या जोडणीवर आलेल्याला आपोआप एचटीटीपीएसकडे वळवण्याचे सेटिंग चालू करणे, हा त्यावरचा उपाय आहे. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाण्याची सवय कर्मचाऱ्यांना लागली, तर खऱ्या धोक्याच्या वेळीही ते तसेच पुढे जातील.

सेशन किती वेळ जिवंत ठेवायचे, याची दोन वेगवेगळी मापे आहेत आणि त्यांची सतत गल्लत होते. काहीच हालचाल न झाल्यास किती मिनिटांनी बाहेर काढायचे, हे एक. आणि हालचाल चालू असली तरी एकूण किती तासांनी पुन्हा पासवर्ड मागायचा, हे दुसरे. सिनॉलॉजीच्या प्रणालीत सुरक्षेच्या पानावर लॉगआउट टायमर असतो आणि तो मुळात १५ मिनिटांवर ठेवलेला असतो. कार्डाने होणाऱ्या व्यवहारांसाठीच्या पीसीआय डीएसएस मानकातही निष्क्रिय सेशनसाठी १५ मिनिटांचीच मर्यादा आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत मध्यम दर्जाच्या सुरक्षेसाठी ३० मिनिटांची निष्क्रियता किंवा १२ तासांची एकूण मुदत, यांपैकी जे आधी होईल ते धरले होते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओडब्ल्यूएएसपी या संस्थेच्या शिफारशीत जोखमीच्या वापरासाठी २ ते ५ मिनिटे आणि कमी जोखमीसाठी १५ ते ३० मिनिटे असे अंतर दिले आहे. हे सगळे आकडे मिनिटांत आहेत, ही गोष्ट वाचकांच्या लक्षात यावी. प्रत्यक्षात जेथे जेथे मी हा टायमर पाहतो, तेथे तो पुष्कळदा वाढवून कित्येक तासांवर नेलेला असतो, कारण कोणीतरी 'सारखे लॉगिन करावे लागते' अशी तक्रार केलेली असते आणि तंत्रज्ञाच्या दृष्टीने तक्रार मिटवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग असतो.

टायमर १५ मिनिटांवर आहे, एवढ्यावर निर्धास्त राहणेही बरोबर नाही. लॉगिनच्या पानावर 'साइन इन कायम ठेवा' असा पर्याय असतो; त्यावर खूण केली की टायमरचा उद्देश बराचसा निकालात निघतो. ब्राउझरचा टॅब बंद केल्याने सेशन संपतेच असे नाही, आणि क्रोमसारख्या ब्राउझरला 'जेथे थांबला होता तेथून सुरू करा' असे सांगितलेले असेल तर तो बंद करून पुन्हा उघडल्यावर तात्पुरत्या कुकीही परत जिवंत होतात. काही प्रणालींत पडद्यावरचा आलेख दर काही सेकंदांनी स्वतःच नवी माहिती मागत असतो आणि ती मागणी हालचालीत मोजली गेली, तर खुर्ची रिकामी असूनही टायमर पुन्हा पुन्हा शून्यावर येतो. शिवाय वेब पानातून बाहेर पडल्याने विंडोजमध्ये जोडून ठेवलेले नेटवर्क ड्राइव्ह, मोबाइलवरचे ॲप किंवा एसएसएचची (दुरून आज्ञा टाइप करण्याची) जोडणी यांवर काहीही परिणाम होत नाही. त्या प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र आहे आणि स्वतंत्रपणेच तपासावा लागतो.

लांब सेशनचा धोका केवळ उठून गेलेल्या माणसाच्या संगणकापुरता नाही. ब्राउझरमधील कुकी चोरून नेणारे प्रोग्राम आज सर्रास फिरतात, आणि चोरलेली कुकी वापरणाऱ्याला ना पासवर्ड लागतो ना मोबाइलवरचा कोड. सर्कलसीआय या सॉफ्टवेअर कंपनीत डिसेंबर २०२२ मध्ये एका अभियंत्याच्या लॅपटॉपवरून, दुहेरी पडताळणी झालेले सेशनच चोरीला गेले आणि पुढच्या महिन्यात कंपनीने ग्राहकांना आपापली गुपिते बदलायला सांगितली. जेथे तज्ज्ञ माणसे दिवसरात्र सुरक्षेचाच विचार करतात तेथे असे घडते, तर स्वागतकक्षातील ज्या संगणकावर दिवसभर अनोळखी पेन ड्राइव्ह लावले जातात आणि ज्यावर टॅलीच्या मदतीसाठी दूरस्थ ताबा देणारे ॲप कायम चालू असते, त्यावर नॅसच्या ॲडमिनचे पान दिवसभर उघडे ठेवण्याचे समर्थन कसे करायचे? चोरलेली खूण १५ मिनिटांत निरुपयोगी होणे आणि आठवडाभर चालत राहणे, यांत फार मोठे अंतर आहे. सेशन ज्या आयपी पत्त्यावरून सुरू झाले त्याच्याशी बांधून ठेवण्याचीही सोय काही प्रणालींत असते. सिनॉलॉजीत ही तपासणी वगळण्याचा एक पर्याय आहे आणि मोबाइल इंटरनेटवर पत्ता बदलला की पान तुटते म्हणून लोक ती वगळतात. ज्या कार्यालयात ॲडमिनचे काम फक्त आतूनच करायचे ठरले आहे, तेथे ती वगळण्याचे काही कारण उरत नाही.

तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्यांची बाजू मला मान्य आहे. दर पाच मिनिटांनी पासवर्ड मागणारी व्यवस्था केली, तर पासवर्ड चिकटचिठ्ठीवर लिहून मॉनिटरला लावला जाईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. परंतु मुळात त्यांना व्यवस्थापनाच्या पानावर जावेच का लागते, हे विचारले की बहुतेक ठिकाणी उत्तर निघते. ऑफिसात एकच ॲडमिन खाते असते, सगळे तेच वापरतात, आणि रोजच्या फाइलीसुद्धा त्याच पानावरून उतरवतात व चढवतात. मोठी फाइल चढवताना मध्येच बाहेर पडावे लागू नये, म्हणून टायमर वाढवला जातो. प्रत्येकाला स्वतःचे साधे खाते द्यावे, त्याच्या कामाचे फोल्डर संगणकावर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडून द्यावे, बाहेरून लागणाऱ्या फाइलींसाठी कंपनीचे सिंक ॲप द्यावे, म्हणजे त्यांना लॉगिनचे पान पाहण्याची वेळ क्वचितच येते. डिस्कची तब्येत पाहण्यासाठी ॲडमिनचे पान दिवसभर उघडे ठेवणारे मालकही मी पाहिले आहेत. त्यांनी बिघाडाची सूचना ईमेलवर मिळण्याची सोय चालू करावी. इतके केल्यावर ॲडमिनचा टायमर १० मिनिटांवर आणला तरी कोणाची तक्रार येत नाही, असा माझा अनुभव आहे.

मोठ्या संस्थांच्या साठवणप्रणालींत हा विचार रचनेतच केलेला असतो. नेटॲप या कंपनीच्या ऑनटॅप या प्रणालीत एखादी वेब सेवा मिळण्यासाठी आधी वेबचे इंजिन चालू असावे लागते, मग त्या विशिष्ट आभासी साठवण सर्व्हरवर ती सेवा चालू करावी लागते, आणि त्यानंतर वापरकर्त्याच्या भूमिकेला ती वापरण्याची परवानगी द्यावी लागते. आज्ञा टाइप करून काम करण्याच्या सेशनची मुदत तेथे मुळात ३० मिनिटे असते आणि ती बदलण्यासाठी वेगळी आज्ञा आहे. लहान नॅसमध्ये हे सगळे तीन-चार खुणांवर आणून ठेवलेले असते. सोय म्हणून ते चांगलेच आहे, पण त्यामुळे विचार न करताही ते बदलता येते.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात मांडतो. टप्प्याटप्प्याने अमलात येणाऱ्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान लॅबला तेवढा दंड होईल असे कोणी म्हणणार नाही, पण रुग्णांचे रिपोर्ट ही आता केवळ खासगी मालमत्ता राहिलेली नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ६ तासांच्या आत कळवणे, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवणे आवश्यक आहे. शेवटची अट क्षुल्लक वाटते, पण नॅसचे घड्याळ चुकलेले असेल तर कोणाचे सेशन कधी सुरू झाले हे नोंदींवरून सांगता येत नाही आणि मोबाइलवरचा ३० सेकंदांचा कोडही जुळत नाही. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी प्राथमिक सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. गावोगावच्या पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या त्या चौकटीत येत नाहीत. सभासदांच्या ठेवींची आणि कर्जांची कागदपत्रे त्याही अशाच यंत्रांवर ठेवू लागल्या आहेत, तेव्हा वार्षिक तपासणीत निदान या दोन सेटिंगांची नोंद घेण्याचा आग्रह त्यांच्या संचालक मंडळांनी धरावा.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. नॅस बसवून झाल्यावर ग्राहकाच्या हाती एक पानभर मराठी मजकूर द्यावा: व्यवस्थापनाचे पान कोठून उघडते, राउटरमध्ये कोणती वाट उघडली आहे आणि कशासाठी, टायमर किती मिनिटांवर आहे, ॲडमिन खाती किती आणि कोणाची, चुकीच्या पासवर्डच्या किती प्रयत्नांनंतर पत्ता रोखला जातो. हे पान देण्यात आपले गुपित जाते, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. ग्राहकाच्या यंत्रात आपण काय उघडे ठेवले आहे, हे त्याला न सांगणे हा व्यवसायाचा भाग असू शकत नाही.

हे पान मिळालेले नाही अशा मालकांना दोन चाचण्या स्वतः करता येतील. ऑफिसच्या संगणकावर आपला सार्वजनिक आयपी पत्ता पाहून लिहून घ्यावा, मग मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल इंटरनेटवरून ब्राउझरमध्ये तो पत्ता नुसता आणि त्यापुढे नॅसच्या पोर्टचे क्रमांक लावून उघडून पाहावा. लॉगिनचे पान दिसले, तर ते इतर सर्वांनाही दिसते आहे. पान दिसले नाही तरी राउटरमधील पोर्ट फॉरवर्डिंगची यादी पाहावीच, कारण क्रमांक बदललेला असू शकतो. दुसरी चाचणी त्याहून सोपी आहे. नॅसमध्ये ॲडमिन म्हणून लॉगिन करून जेवायला जावे, आणि परत आल्यावर पान अजून उघडेच असेल तर टायमर व 'साइन इन कायम ठेवा' हे दोन्ही तपासावेत.

सध्या जोडलेल्या वापरकर्त्यांची यादी नॅसमध्ये दिसते. तीत अनोळखी पत्ता आढळला, तर घाबरून यंत्राचे बटण दाबू नये. आधी राउटरमधील वाट आणि यूपीएनपी बंद करावे, किंवा ते जमत नसेल तर इंटरनेटची वायर काढावी. नंतर ॲडमिनचा पासवर्ड बदलावा आणि मग यादीतील सगळी सेशन तोडावीत, कारण नुसता पासवर्ड बदलल्याने आधीचे सेशन प्रत्येक प्रणालीत बंद होतेच असे नाही. त्यानंतर नवे खाते किंवा ठरावीक वेळी आपोआप चालणारे नवे काम कोणी नोंदवून ठेवले आहे का, ते पाहावे. कनेक्शनच्या नोंदी दुसऱ्या संगणकावर उतरवून ठेवाव्यात, आणि त्या हातात घेऊनच पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करावी.

आपला,
एक नियमित वाचक,
नाशिक